तंत्रज्ञान घडवताना किशोरवयीनांचा वाटा

तंत्रज्ञानाच्या रचनेत मुले चार नात्यांनी सहभागी होऊ शकतात: वापरकर्ता, परीक्षक, माहिती देणारा आणि भागीदार. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या ॲलिसन ड्रुइन यांनी २००२ मध्ये ही मांडणी केली. परीक्षकाच्या हाती वस्तू येते ती जवळजवळ तयार झाल्यावर. भागीदार मात्र प्रश्न ठरवण्यापासूनच सोबत असतो.

ड्रुइन यांच्या गटातली मुले ७ ते ११ वर्षांची होती. पुठ्ठा, दोरी, डिंक घेऊन ती मनातले यंत्र उभे करत. चौदा-पंधराव्या वर्षी हे इतके सहज होत नाही. सोबत्यांसमोर चुकण्याचा संकोच वाढलेला असतो आणि मोठ्यांना कोणते उत्तर हवे आहे, तेही मुले चटकन ओळखतात. त्यामुळे गट लहान ठेवावे लागतात, काही मते एकेकट्याकडून लिहून घ्यावी लागतात.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने शहरी इंग्रजी, शहरी मराठी आणि ग्रामीण आदिवासी मराठी माध्यमांतल्या माध्यमिकपूर्व मुलांकडून पवनचक्कीसारख्या वस्तू करवून घेतल्या. मुले आधी आराखडा काढत, तो इतर गटांना समजावत, मग वस्तू बनवून ती पारखत. तो अभ्यास शिकण्याचा होता. पण मुले रेखाटनातून विचार मांडतात, ही बाब रचनाकारांच्याही कामाची आहे.

दरडींचा धोका असलेल्या पोलादपूर तालुक्यात मुलांची अशी भागीदारी फार मोलाची ठरेल. २२ जुलै २०२१ रोजी महाडमधील तळीये आणि पोलादपूरमधील केवनाळे, सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. इथल्या अनेक घरांतली कर्ती माणसे मुंबईला नोकरीला; वाडीवर वृद्ध आणि मुले. दरडीचा इशारा मोबाइलवर आला, तर तो वाचून आजीला सांगणारी बहुधा शाळकरी मुलगीच असणार. वीज गेल्यावर फोन किती तास टिकतो, रेंज कुठल्या वळणावर मिळते, कोणता वहाळ आधी वाट अडवतो, हे तिला रोजच्या येण्याजाण्यातून ठाऊक असते. मुंबई-पुण्यात बसून इशाऱ्याचे ॲप आखणाऱ्याला ते कळणार नाही. तिला केवळ तयार ॲपची बटणे दाबायला बोलावले, तर हे ज्ञान वाया जाते. ॲप हवे की भोंगा, हा पहिला प्रश्नच तिच्यासमोर ठेवायला हवा.

अर्थात संमतीचे नियम पाळावे लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच १२ ते १८ वयाच्या मुलांचा लेखी होकारही घ्यायचा असतो. वर्गात गुरुजींसमोर मागितलेला होकार नाकारणे मुलांना जड जाते. तो शिक्षकांच्या गैरहजेरीत मागावा आणि मधूनच बाहेर पडण्याची मोकळीक शेवटपर्यंत ठेवावी.