सारख्या दिसणाऱ्या दोन मोटारसायकली

क्लेमेंटीतल्या कुठल्याही बहुमजली पार्किंगमध्ये दुचाकींच्या रांगेवरून नजर फिरवा. होंडाची सीबी ४०० सुपर फोर बहुतेक दिसेलच. समजा, अशाच दोन जुन्या गाड्या विकायला आहेत. रंग एक, किंमत एक, दोन्हींचा आवाज तितकाच गोड. तरीही त्यातली एक ३० जून २०२८ नंतर सिंगापूरच्या रस्त्यावर रोज चालवता येणार नाही आणि दुसरी येऊ शकेल. हा फरक ओळखला नाही, तर गाडीच्या दुरुस्तीवर ओतलेला पैसा दोन-चार वर्षांत बुडाला म्हणून समजा. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी गाडीची ओळख पटवायची.

आधी नंबर, मग रूप

सुपर फोर १९९२ मध्ये आली. हँडलच्या खाली, पुढचे शॉकअप जिथे फ्रेमला जोडलेले असतात त्या नळीवर फ्रेम नंबर कोरलेला असतो. त्यात ‘एनसी३१’ असेल तर ती पहिली पिढी. ‘एनसी३९’ म्हणजे १९९९ पासूनची, व्हीटेक असलेली. ‘एनसी४२’ म्हणजे २००७ च्या अखेरीस आलेली, कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेली. फक्त इंजिन नंबरावर विसंबू नका. एनसी३१ आणि एनसी३९ या दोन्हींच्या इंजिनावर ‘एनसी२३ई’ हीच अक्षरे असतात. टाकी, मागचा दिवा, स्टिकर हे सगळे बदलता येते, म्हणून त्यांची साक्ष धरायची नाही.

आता मुख्य मुद्दा. १ जुलै २००३ पासून सिंगापूरने नव्या मोटारसायकलींना धुराचे युरो १ मानक लावले. त्याआधी नोंदणी झालेल्या दुचाकींना ३० जून २०२८ नंतर रोजच्या वापराची परवानगी नाही. ही तारीख नेमकी एनसी३९ च्या आयुष्याच्या मध्यावर पडते. मे २००३ ची गाडी आणि ऑगस्ट २००३ ची गाडी यांत यंत्र म्हणून काडीचा फरक नसेल, पण कायद्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या पिढ्या आहेत. म्हणून मालकाकडून गाडीचे लॉग कार्ड मागा आणि पहिल्या नोंदणीची तारीख स्वतः वाचा. ‘२००३ ची आहे’ एवढे तोंडी उत्तर पुरत नाही, महिना हवा.

त्याच कार्डावर सीओईची मुदत असते. ऑगस्ट २००३ च्या गाडीचा सीओई २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये दहा वर्षांसाठी वाढवला असेल, तर ती २०३३ पर्यंत निश्चिंत. मुदत संपत आली असेल, तर नूतनीकरणाला मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी दराने पैसे मोजावे लागतात. २०२२ मध्ये दुचाकीचा सीओई १०,००० डॉलरच्या पुढे गेला होता, हे लक्षात ठेवून हिशेब करा. कित्येकदा गाडीपेक्षा हा कागदच महाग असतो.

थांबणे आधी, पळणे नंतर

कागद जुळले की यंत्राकडे वळायचे, आणि सुरुवात इंजिनापासून करायची नाही. रोज एवायईवरून कामाला जाणार असाल, तर पहिले ब्रेक.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते, आणि सिंगापूरच्या हवेत तिला तोटा नाही. डॉट ४ प्रकारचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळले, तर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. सतत ब्रेक दाबल्याने तापलेल्या कॅलिपरमध्ये असे ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे ऐन वेळी लिव्हर हँडलला टेकते आणि गाडी थांबत नाही. आधीच्या मालकाने काहीही सांगितले तरी ऑइल बदला, पुढे दर दोन वर्षांनी बदलत राहा.

टायरवर चार आकडी खूण शोधा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते.

चार कार्ब्युरेटरांचे गणित

तुमच्यापैकी काहींनी गावाकडे यामाहा आरएक्स १०० चा कार्ब्युरेटर अंगणात उघडून साफ केला असेल. तिथे सिलिंडर एक, कार्ब्युरेटर एक. एनसी३९ मध्ये चार आहेत, आणि त्यांनी एकमतानेच काम करायला हवे.

गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पेट्रोलचे हलके घटक उडून जातात आणि चिकट राळ मागे राहते. ती अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असलेले स्लो जेटचे भोक बुजवते. मग गाडी चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते. उपाय एकच, जेट काढून साफ करणे. त्यात तार खुपसू नका, भोक मोठे झाले तर मिश्रण कायमचे बिघडते.

दुसरा संशयित म्हणजे रबरी पडदा. पडद्याच्या वरची बाजू इंजिनाच्या ओढीने कमी दाबाची होते, खाली बाहेरच्या हवेचा दाब असतो, आणि या फरकाने सुई वर उचलली जाते. पडद्याला छिद्र पडले की दाबाचा फरक टिकत नाही, सुई उठत नाही. उभी गाडी छान धडधडते, रस्त्यावर मात्र पिकअप घेत नाही. शेवटी चारही कार्ब्युरेटरांना व्हॅक्यूम गेज लावून त्यांची ओढ सारखी करायची. हे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्या.

व्हीटेकचीही परीक्षा घ्या. कमी वेगात प्रत्येक सिलिंडरचे दोनच व्हॉल्व्ह उघडतात. ठरावीक फेऱ्यांना, सुरुवातीच्या एनसी३९ मध्ये ६,७५० ला आणि २००२ पासून ६,३०० ला, ऑइलच्या दाबाने पिना सरकतात आणि चारही व्हॉल्व्ह कामाला लागतात. आवाज स्पष्ट बदलायला हवा. बदलला नाही, तर आधी इंजिन ऑइलची पातळी पाहा.

आणि एक स्वस्त चाचणी. बॅटरीला मल्टिमीटर लावा. बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट आणि रेस दिल्यावर १४ च्या आसपास हवेत. आकडा वाढत नसेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो बॅटरीही घेऊन जाईल.

तेव्हा गाडी पाहायला जाताना खिशात मल्टिमीटर आणि टॉर्च न्या. पण सर्वांत आधी लॉग कार्ड मागा. पहिल्या नोंदणीची तारीख १ जुलै २००३ च्या आधीची निघाली, तर गाडी कितीही मनात भरली तरी २०२८ पर्यंतचाच हिशेब करून किंमत सांगा.