कॅटला पुन्हा बसताना : विद्यार्थ्यांसाठी आणि घरच्यांसाठी

डिसेंबरच्या उत्तरार्धात कॅटचा निकाल लागतो आणि आपल्या ओळखीच्या दोन-चार घरांत तरी एकच चर्चा सुरू होते. मिळालेल्या गुणांत जे कॉलेज मिळेल ते घ्यायचे, की पुन्हा एकदा बसायचे? बहुतेक वेळा ठरते, "पुन्हा बसू." एमपी नगरातल्या क्लासची फी पुन्हा भरली जाते, नाहीतर घरीच जुनी पुस्तके काढली जातात. मग एप्रिल-मेच्या सुमारास मुलगा किंवा मुलगी कुरकुर करू लागते : "सगळं येतं, पण मॉकमध्ये गुण तेवढेच पडतात." घरच्यांना वाटते, मेहनत कमी पडते आहे. मुलांना वाटते, आपल्यातच काही कमी आहे. बहुतेकदा दोन्ही खरे नसते. दुसऱ्या खेपेचा अभ्यास वेगळ्या कारणांनी अडतो. ती कारणे समजली तर वर्ष वाया जाण्याचे टळू शकते.

ही परीक्षा नेमकी कशी आहे?

1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे इथे आली. त्या पिढीच्या दृष्टीने परीक्षा म्हणजे एकदा पास झालो की जन्माचे काम झाले. कॅटमध्ये पास-नापास नाही. तिचा स्कोअर फक्त त्या वर्षीच्या प्रवेशापुरता चालतो. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा फी (2024 मध्ये खुल्या गटासाठी 2,500 रुपये), पुन्हा सगळे पहिल्यापासून. किती वेळा बसावे याला मात्र मर्यादा नाही.

24 नोव्हेंबर 2024 च्या कॅटला देशभरातून सुमारे 2 लाख 93 हजार जण बसले. प्रश्न 68, गुण 204, वेळ 120 मिनिटे. इंग्रजी आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तीन विभाग आणि प्रत्येकाला बरोबर 40 मिनिटे. एका विभागातला उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही.

घरात सर्वांत जास्त गैरसमज 'पर्सेंटाइल' या शब्दावरून होतात. 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत. बसलेल्यांपैकी साधारण 90 टक्के उमेदवार आपल्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. वरच्या आकड्याने हिशेब केला तर 90 पर्सेंटाइलच्या मुलाच्या पुढे सुमारे 29 हजार जण असतात आणि 99 वाल्याच्या पुढे सुमारे 2,900. म्हणून "नव्वद तर आलेत, आता थोडंच राहिलं" हे घरचे गणित चुकते. दुसरीकडे, अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुणांतही 99 पर्सेंटाइल मिळाले आहे. सगळे प्रश्न सोडवणे इथे कुणालाच अपेक्षित नाही. कोणते सोडायचे हे ओळखणे हाही परीक्षेचाच भाग आहे.

दुसऱ्या वेळी अभ्यास का अडतो?

पहिले कारण ओळखीचे. मागच्या वर्षीची पुस्तके उघडली की प्रत्येक पान पाहिलेले वाटते. उदाहरण वाचताना पुढची पायरी आपोआप आठवते, आणि मनाला वाटते की हे आपल्याला येते. पण ओळख पटणे वेगळे आणि कोऱ्या कागदावर स्वतः सोडवता येणे वेगळे. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये याच विषयावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. इतरांनी तो एकदाच वाचून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75 टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले : पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. दुसऱ्या खेपेला बसणारे बहुतेक जण नेमके पुन्हा वाचण्याचेच काम करत असतात.

दुसरे कारण, चूक कुठे झाली ते माहीतच नसते. "गणित कच्चं आहे" असे सांगितले जाते, पण स्कोअरकार्डवर गणित ठीक असते आणि तर्काचा विभाग कोसळलेला असतो. मग सहा महिने गणितच केले जाते, कारण ते सवयीचे आहे.

तिसरे कारण, परीक्षा तीच राहत नाही. पेपर फुटल्यामुळे 23 नोव्हेंबर 2003 ची कॅट रद्द झाली आणि 15 फेब्रुवारी 2004 रोजी पुन्हा घ्यावी लागली. तेव्हा देशभरच्या उमेदवारांना इच्छा नसताना दुसऱ्यांदा बसावे लागले. 2009 मध्ये कागद जाऊन संगणक आला. 2015 ते 2019 या काळात 180 मिनिटांत 100 प्रश्न असत. 2020 मध्ये वेळ एकदम 120 मिनिटांवर आला. थोरल्या भावाच्या वेळच्या युक्त्या धाकट्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत त्या यामुळे.

आधी ठरवा : बसायचे की नाही?

हा निर्णय भावनेच्या भरात घेऊ नये. आयआयएम फक्त कॅट पाहून मुलाखतीला बोलावतात असे नाही. दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि नोकरीचा अनुभव यांनाही अनेक ठिकाणी वजन असते, आणि प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ असतो. दहावी-बारावीचे गुण आता बदलणार नाहीत. म्हणून ज्या संस्थेत जायचे आहे तिचे प्रवेशाचे निकष तिच्या संकेतस्थळावर आधी वाचावेत. आपल्या जुन्या गुणांसह तिथे किती पर्सेंटाइल लागेल याचा अंदाज घ्यावा आणि मग ठरवावे.

पर्यायही मोजून ठेवावेत. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची झॅट जानेवारीत असते. तिच्यात निर्णयक्षमतेचा वेगळा विभाग असतो, त्यामुळे कॅटमध्ये मागे पडलेला कधी कधी तिथे चमकतो. सिम्बायोसिसची स्नॅप अलीकडच्या वर्षांत एकाच हंगामात तीन वेळा देता येते आणि सर्वांत चांगला स्कोअर धरला जातो. घराजवळ म्हणाल तर नेहरू नगरातील भारतीय वन व्यवस्थापन संस्था 1982 पासून आहे आणि तिथे कॅट किंवा झॅटच्या गुणांवर अर्ज करता येतो. आयआयएम इंदूर (स्थापना 1996) इथून काही तासांच्या अंतरावर आहे.

महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीबद्दल आपल्याकडे नेहमी एक प्रश्न येतो : "आपण मराठी, मग तिथल्या जागा आपल्याला मिळतील ना?" परीक्षा देता येते. पण जागा भाषेवर किंवा आडनावावर मिळत नाहीत, डोमिसाइलवर मिळतात. मध्यप्रदेशात वाढलेल्या, शिकलेल्या मुलांना साधारणपणे बाहेरच्या उमेदवारांच्या मर्यादित जागांवरच स्पर्धा करावी लागते. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांची स्वप्ने पाहताना हा हिशेब आधीच करावा.

चांगली नोकरी हातात असेल तर ती सोडून वर्षभर 'ड्रॉप' घेण्याआधी दोनदा विचार करावा. मुलाखतीत रिकाम्या वर्षाबद्दल विचारतात आणि अनुभव बहुतेक ठिकाणी उपयोगीच पडतो. शिवाय ही तयारी रोज दोन-तीन तास मन लावून केली तर नोकरी सांभाळून होऊ शकते.

मग अभ्यास कसा करावा?

सुरुवात पुस्तकाने नको, मागच्या स्कोअरकार्डने करा. तीन विभागांचे पर्सेंटाइल शेजारी-शेजारी लिहा. सर्वांत खालचा विभाग हे यंदाचे पहिले काम.

मग चुकांची वही घाला. प्रत्येक मॉकनंतर चुकलेला आणि सोडलेला प्रश्न चारपैकी एका खान्यात टाका : संकल्पनाच माहीत नव्हती, माहीत होती पण सुचली नाही, आकडेमोड किंवा वाचण्यात घाई झाली, किंवा हा प्रश्न हातातच घ्यायला नको होता. पाच-सहा मॉकनंतर कोणता खाना भरतो आहे ते दिसते. पहिला भरत असेल तर पुस्तक लागेल. चौथा भरत असेल तर आणखी शंभर गणिते करून उपयोग नाही, प्रश्न निवडण्याचा सराव हवा. मॉक दोन तासांची असेल तर तिच्या तपासणीला चार तास द्यावेत. आठवड्याला तीन मॉक देऊन एकही न तपासण्यापेक्षा एक देऊन नीट तपासलेली बरी.

अंदाजाने उत्तर द्यावे का, हेही समजून घ्या. बरोबर उत्तराला 3 गुण, चार पर्यायांच्या प्रश्नाचे चुकले तर 1 वजा. डोळे मिटून चार प्रश्न ठोकले तर सरासरी एक बरोबर येईल आणि तीन चुकतील. तीन मिळाले, तीन गेले, हाती शून्य आणि वेळ गेला तो वेगळाच. पण दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक : तीन मिळाले, एक गेला. अशा वेळी उत्तर देणे फायद्याचे. आणि ज्या प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तर टाइप करायचे असते, तिथे चुकले तरी गुण कापले जात नाहीत. ते रिकामे सोडू नयेत.

इंग्रजी विभागाची भीती आपल्या मुलांना जरा जास्त वाटते. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, इंग्रजी फक्त पुस्तकात. 2024 मध्ये या विभागातील 24 पैकी 16 प्रश्न उताऱ्यांवर होते, आणि ते शब्दांचे अर्थ पाठ करून सुटत नाहीत. रोज अर्धा-पाऊण तास अनोळखी विषयावरचा लेख वाचावा. इतिहास, अर्थशास्त्र, जीवशास्त्र, काहीही चालेल. वाचून झाल्यावर लेख मिटून दोन वाक्यांत त्याचे म्हणणे लिहावे. ती दोन वाक्ये मराठीत लिहिली तरी चालतील, कारण मुद्दा समजला की नाही हेच तपासायचे आहे. तात्या टोपे नगरातले स्वामी विवेकानंद ग्रंथालय, म्हणजे पूर्वीची ब्रिटिश कौन्सिल लायब्ररी, अशा वाचनासाठी चांगली जागा आहे.

वर्षाची विभागणी साधी ठेवा. जूनपर्यंत कच्चा विभाग. जुलैपासून आठवड्याला एक पूर्ण मॉक. ऑक्टोबरपासून मॉक वाढवा आणि त्या ज्या वेळी खरी परीक्षा असते त्याच वेळी द्या. गणपती, नवरात्र, दिवाळी हे सगळे याच शेवटच्या तीन महिन्यांत येते. 2024 मध्ये भाऊबीजेनंतर परीक्षेला बरोबर तीन आठवडे उरले होते. म्हणून सणांचे दिवस आधीच आखणीत धरा. आरतीला या, मोदक खा, आणि त्या दिवशी अभ्यास नाही असे ठरवूनच या. चोरून घेतलेल्या सुट्टीपेक्षा ठरवून घेतलेली सुट्टी मनाला कमी टोचते.

घरच्यांनी आणि आपण सगळ्यांनी

दुसऱ्या खेपेला बसलेल्या मुलाला सर्वांत जड जातात ते लोकांचे प्रश्न. हळदीकुंकवाला, लग्नात, मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेला प्रत्येक जण काळजीपोटीच विचारतो, "मागच्या वेळी किती आले होते?" विचारणारा एकदाच विचारतो, मुलाला ते वीस वेळा ऐकावे लागते. मग ते यायचेच बंद होते, आणि एकटे पडले की अभ्यासही बिघडतो. आपण काका-काकूंनी एवढे केले तरी पुष्कळ : परीक्षेचा विषय त्याने काढला तर बोलावे, नाहीतर दुसरे काही बोलावे.

आई-बाबांनी मॉकचे गुण रोज विचारू नयेत. महिन्यातून एकदा मुलाबरोबर बसून चुकांची वही पाहावी. गणित कळले नाही तरी कोणता खाना रिकामा होत चालला आहे ते कुणालाही दिसते. झोप कमी झाली, जेवण सुटले, मूल गप्प राहू लागले, तर मॉक बाजूला ठेवून आधी त्याच्याशी बोलावे आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडे जावे.

आणखी एक गोष्ट अभ्यास सुरू करण्याआधीच घरात ठरवावी : या खेपेला जो स्कोअर येईल त्यावर कोणती तीन-चार कॉलेजे आपण आनंदाने घेऊ, आणि तीही न मिळाली तर काय करू. हे कागदावर लिहून ठेवलेले असले की नोव्हेंबरच्या त्या सकाळी मुलगा परीक्षा केंद्रात शिरतो तेव्हा पेपरापुढे फक्त पेपर असतो. घरचा प्रश्न आधीच सुटलेला असतो.