एक नक्षी, अनेक सर्व्हर

सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड मागावर उतरते. ताण्याचे कोणते धागे उचलायचे, हे भोकं पाडलेले पुठ्ठे ठरवतात. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये आलेली ही युक्ती. तसाच पुठ्ठ्यांचा संच दुसऱ्या मागावर चढवला, की तिथेही तीच नक्षी.

सर्व्हरच्या सेटिंगच्या फायलींचंही हेच. पन्नास सर्व्हरवर त्या हाताने टाकल्या, तर कुठेतरी चूक होणारच. म्हणून २०१२ मध्ये आलेल्या अ‍ॅन्सिबलसारखी साधनं वापरतात. त्यातलं ‘कॉपी’ हे मॉड्यूल आधी दोन्हीकडच्या फायलींचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला आकडा, ताडून पाहतं. जुळला तर मजकूर पुन्हा पाठवत नाही. त्यामुळे तीच आज्ञा कितीदाही चालवा, बिघडत काही नाही.

खोच आहे ती एका तिरप्या रेघेत. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी ती दिली, तर फक्त आतल्या फायली जातात. राहिली, तर अख्खं फोल्डर जातं आणि सर्व्हरला फायली नेहमीच्या जागी सापडत नाहीत.

फायली शेकड्यांनी असतील, तर ‘कॉपी’ रेंगाळतं. तिथे १९९६ पासूनचं आरसिंक हे साधन बरं. ते फायलींमधला बदललेला भाग तेवढा पाठवतं. पण काहीही पाठवण्याआधी अ‍ॅन्सिबलचा ‘चेक’ हा पर्याय लावून रंगीत तालीम करावी.