वंशावळींतील नेमका पुरुष कसा निवडावा

जुन्या दप्तरांत कागद हातीं लागणें जितकें भाग्याचें, तितकेंच त्या कागदांतील पुरुष कोणता हें ठरविणें कष्टाचें असतें. नांव वाचतां येतें. परंतु तें नांव धारण करणारा कुळाच्या कोणत्या शाखेवरचा व कितव्या पिढींतला, हें कागद बहुधा सांगत नाहीं. नातवास आजोबाचें नांव ठेवण्याची चाल आपल्याकडे पूर्वापार असल्यामुळें एकाच वंशवृक्षावर एकच नांव दोन-तीन ठिकाणीं आढळतें. अशा वेळीं निवड चुकली तर एकाचें कर्तृत्व दुसऱ्याच्या पदरीं पडतें, आणि पुढील अभ्यासक त्याच चुकीवर आपली इमारत रचतो. हा प्रश्न केवळ विद्वत्तेचाही नव्हे. १८५२ सालीं इनाम कमिशनाची चौकशी सुरू झाली, तेव्हां मूळ इनाम कोणास मिळालें व सांप्रतचा उपभोक्ता त्याचा कोण, ह्या दोन प्रश्नांवर अनेक घराण्यांचें अन्न अवलंबून होतें. म्हणून विवक्षित पुरुष निश्चित करण्याची रीत मावळांतील उदाहरणांवरून येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शिलालेख पाहूं. कार्ल्याच्या लेण्यांत सातव्या राज्यवर्षाचा एक दानलेख आहे. त्यांत वलूरक येथील, म्हणजे कार्ल्याच्याच, भिक्षुसंघास गांव देणारा दाता महारठी वासिष्ठीपुत्र सोमदेव असून, तो महारठी कौशिकीपुत्र मित्रदेव याचा पुत्र होय. ज्या राजाच्या वर्षाचा हा लेख, तोही वासिष्ठीपुत्रच. त्यास विद्वान् पुळुमावि समजतात. इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडे, समोरच असलेल्या भाजें येथें पाण्याच्या एका टाक्यावर महारठी कौशिकीपुत्र विष्णुदत्त याचें नांव कोरलेलें आहे. दोघेही महारठी, दोघेही कौशिकीपुत्र, आणि स्थळेंही शेजारचीं. तेव्हां मित्रदेव व विष्णुदत्त यांस सख्खे भाऊ ठरविण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु कौशिकी हें मातेचें स्वतःचें नांव नव्हे; ती कौशिक गोत्रांतली, एवढाच त्याचा अर्थ. त्या गोत्राच्या कन्या अनेक घरीं दिल्या जात. वासिष्ठीपुत्र ह्या एका पदावरून राजा व सोमदेव यांस कोणी भाऊ म्हणत नाहीं. मग कौशिकीपुत्र ह्या पदावरून दुसऱ्या दोघांस तरी कां म्हणावें? उपपद हें निवडीस साहाय्य करतें, पण तें एकटें निवड करीत नाहीं. सोमदेवाचें स्थान निश्चित होतें तें लेखांत त्याचा पिता सांगितला आहे म्हणून.

आतां लोहगडावर जाऊं. तेथील बावेच्या लेखांत शके १७११ (इ. स. १७८९-९०) हें वर्ष असून ती बांधविणाऱ्याचें नांव बाळाजी जनार्दन फडणीस, म्हणजे प्रख्यात नाना फडणीस, असें आहे, आणि ज्याच्या हस्तें काम झालें तो धोंडो बल्लाळ नित्सुरे. पेशवाईंतील ब्राह्मणी नांवांत दुसरें पद पित्याचें असतें, आणि पिता बाळाजी असेल तर तें पद 'बल्लाळ' असें लिहितात, हें वाचकांस विदित आहेच. नानांचे आजोबा बाळाजी महादाजी, पिता जनार्दन बल्लाळ, आणि स्वतः नाना बाळाजी जनार्दन. 'बाळाजी भानु' एवढेंच म्हटलें तर आजा व नातू दोघेही पुढें येतात; 'जनार्दन' हें पद जोडतांच एकच उरतो. पण त्याच लेखांत बाळाजीशेजारीं 'धोंडो बल्लाळ' पाहून जो त्यास नानांचा पुत्र समजेल तो फसेल. नित्सुरे हें कुलनाम वेगळें, म्हणजे वृक्षच वेगळा; हा बल्लाळ दुसऱ्या बाळाजीचा पुत्र.

पेशव्यांच्या घरांत हीच अडचण दुणावते. बाजीराव बल्लाळ व माधवराव बल्लाळ ह्या दोन नांवांत 'बल्लाळ' एकच, पण पहिल्याचा पिता बाळाजी विश्वनाथ व दुसऱ्याचा बाळाजी बाजीराव. म्हणून दोन पदांनीं निर्णय न होईल तेथें तिसरें, म्हणजे आजोबाचें, पद मिळवावें.

आतां ज्या घराण्यांत कागदावर पितृनाम न येतां पदवीच येते, त्याचें उदाहरण तळेगांवकर दाभाड्यांचें. येसाजी दाभाड्यास खंडेराव व शिवाजी असे पुत्र. खंडेरावास शाहू महाराजांनीं १७१७ सालीं सेनापतिपद दिलें. तो १७२९ त वारला. त्याचा पुत्र त्रिंबकराव सेनापति झाला व १ एप्रिल १७३१ रोजीं डभईच्या लढाईंत पडला. मग पद धाकटा भाऊ यशवंतराव याजकडे आलें, आणि १७५४ त तो वारल्यावर त्याचा पुत्र त्रिंबकराव याजकडे. म्हणजे 'त्रिंबकराव दाभाडे सेनापति' असे दोन झाले; एक चुलता, दुसरा पुतण्या. समजा, ह्या नांवाचा एक बिनतारखेचा कागद संग्राहकाच्या हातीं आला. नांव, कुलनाम, पदवी, तिन्ही दोघांस सारखींच लागू. येथें शेजारच्या माणसांची साक्ष काढावी. खंडेरावाची पत्नी उमाबाई १७५३ त वारली. कागदांत ती हयात असून सेनापतिपद त्रिंबकरावाकडे असेल, तर तो पहिलाच. कारण दुसऱ्यास पद मिळालें तेव्हां उमाबाई नव्हती.

ह्या सर्वांवरून जो क्रम निष्पन्न होतो तो असा. आधीं कुलनाम व गांव यांवरून वृक्ष ठरवावा. मग त्या नांवाचे सर्व पुरुष, एकही न गाळतां, बाजूस काढावे. पहिला सांपडला कीं थांबणें हेंच बहुतेक घोटाळ्यांचें मूळ आहे. नंतर पिता, आजा, पदवी, काळ व कागदांतील इतर माणसें ह्या कसोट्या एकामागून एक लावून अयोग्य ते गाळावे. एकच उरला तर त्याच्यापासून मूळपुरुषापर्यंत प्रत्येक पिढी मोजीत वर जावें. मधली एक जरी पायरी रिकामी असली तरी निर्णय तात्पुरता समजावा. दोन उरले तर दोन्ही नांवें नोंदावीं. आवडीनें एक निवडूं नये.

दत्तकाच्या ठिकाणीं विशेष जपावें. दुसऱ्या बाजीरावानें १८२७ त दत्तक घेतलेल्या धोंडोपंतास, म्हणजे नानासाहेबास, दोन वृक्षांवर स्थान आहे: जन्माच्या घरीं एक व पेशव्यांच्या घरीं दुसरें. वारसाचा कागद असेल तर दत्तक घरचें स्थान धरावें, रक्तसंबंधाचा प्रश्न असेल तर जन्मघरचें. पण दोन्ही स्थानें एकाच पुरुषाचीं ही खूण दोहोंकडे ठेवावी, नाहींतर एकाचे दोन पुरुष होतात.

निवड झाल्यावर ती टिकावी ह्यासाठीं प्रत्येक पुरुषास नांवाखेरीज एक अंक द्यावा. येसाजीस १ मानलें, तर खंडेराव १-१, शिवाजी १-२. खंडेरावाचा त्रिंबकराव १-१-१, यशवंतराव १-१-२, आणि यशवंतरावाचा त्रिंबकराव १-१-२-१. दोघांचीं नांवें एक, पण अंक कधींही एक होणार नाहींत. शिवाय अंक वाचतांच मूळापासूनचा मार्ग डोळ्यांपुढें उभा राहतो. ज्येष्ठकनिष्ठपणाचा वाद असेल तेथें हा अंक केवळ सोयीचा आहे, असें टिपून ठेवावें.

आज पुष्कळ संग्राहक वंशावळी संगणकावर ठेवितात. तेथें शाखा मिटलेल्या असतात व पित्याच्या नांवावर खूण केली म्हणजे खालचे पुत्र उघडतात. ही सोय मोठी, पण सावधगिरी तीच. कांहीं ठिकाणीं पित्याची शाखा उघडल्यावांचून पुत्रांचीं नांवें शोधासाठीं उपलब्धच होत नाहींत. तेव्हां शोध रिकामा परतला म्हणजे पुरुष नाहींच असें समजूं नये. मूळापासून एकेक शाखा उघडीत खालीं जावें. नांव टाकून शोधल्यास यंत्र बहुधा पहिला त्रिंबकराव दाखवून थांबेल. अंक टाकून शोधल्यास हवा तोच पुढें येईल.

ज्यांच्या घरीं रुमाल बांधलेले आहेत त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, लखोट्यावर नुसतें 'त्रिंबकरावाचें पत्र' असें न लिहितां कोणाचा पुत्र, कोणत्या आधारें ठरविला, व निर्णय पक्का कीं तात्पुरता, हें दोन ओळींत लिहावें. मूळ कागदावर मात्र कांहीं लिहूं नये. कागद जीर्ण होईल, ठरविणारा जाईल. त्या दोन ओळी असल्या तर पुढच्यास निर्णय तपासतां येईल, आणि चूक असल्यास सुधारतांही येईल.