थंड डोळा, तहानलेले पीक

पाणी प्यालेले पीक गार राहते, तहानलेले तापते. ही ऊब ७०५ किलोमीटर उंचीवरून टिपायची, तर टिपणारे यंत्रच आधी गार हवे. नाहीतर स्वतःच्या उष्णतेत त्याला रानाची ऊब दिसायची कशी? अमेरिकेने २०१३ साली सोडलेल्या लँडसॅट-८ उपग्रहात या यंत्राचा 'डोळा' शीतयंत्राने उणे २३० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला. अवकाशात हवा नाही. ऊन किरणांनीच येते. ते परतवायला चकचकीत पातळ पडद्यांचे थरावर थर, जणू गोधडीच! गंमत म्हणजे पहिल्या आराखड्यात हे यंत्र नव्हते. पिकांना किती पाणी लागले याचा हिशेब आयडाहो राज्य अशाच नोंदींवरून ठेवी. पश्चिमेकडील राज्यांनी आग्रह धरला, तेव्हा ते बसले.