आधी घोड्याचं माप, मग स्वार

मराठ्यांच्या घोडदळात दौडलेला आणि आजही धनगरांच्या तळाबरोबर बिऱ्हाड वाहणारा भीमथडी घोडा आता देशी घोड्यांची आठवी जात म्हणून अधिकृतपणे नोंदला गेला आहे. बारामती-इंदापूरकडे त्याचं कौतुक आहे, आणि कौतुकापाठोपाठ स्वारीची हौसही येते. ही हौस घोड्याच्या पाठीवर बेतू नये म्हणून पहिली वस्तू लागते ती शिंप्याची फीत.

पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880. मापं सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर किलोत येतं. घेर 150 आणि लांबी 135 असेल तर घोडा साधारण 256 किलोचा. त्याच्या पाठीवर वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा, म्हणजे 51 किलोपेक्षा जास्त ओझं नको. त्यातच खोगीर आणि रिकिबी आल्या. सामान सात-आठ किलोचं धरलं तर स्वाराला उरतात त्रेचाळीस-चव्वेचाळीस किलो. म्हणजे हा घोडा शाळकरी मुलामुलींचा आहे. सत्तर किलोच्या माणसानं त्याला जमिनीवर उभं राहून शिकवावं.

मराठ्यांचे स्वार काय मुलं होती, असं कुणी विचारेल. ते सामान अगदी कमी ठेवत आणि त्यांचे घोडे रोजच्या चालीनं कसलेले असत. रुंद कमरेचा, जाड नळीचा, कसलेला घोडा थोडं जास्त वाहील; रोडावलेला घोडा पाचवा हिस्साही वाहणार नाही.

वय दातांवरून कळतं. दुधाचे पुढचे दात जोडीजोडीनं अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास बदलतात. पाठीचे मणके मात्र सगळ्यात शेवटी, पाच-सहा वर्षांचा होईतो पक्के होतात. म्हणून अडीच वर्षांच्या शिंगराला हातावर चालवावं, खूर उचलू द्यायला शिकवावं, ट्रॅक्टर आणि वाजंत्रीची सवय लावावी. पाठीवर हलका स्वार साडेतीननंतर, तोही पंधरा-वीस मिनिटं, चालीनं.

पुढचा धोका फसवा आहे. दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूंना महिने लागतात, कंडरा आणि हाडं सगळ्यात मागून येतात. दीड महिन्यात घोडा पळायला उतावीळ होतो, पण त्याचे पाय अजून तयार नसतात. जबड्याखालची नाडी बघा. विश्रांतीत ती मिनिटाला 28 ते 44 असते. कामानंतर दहा-पंधरा मिनिटांत साठीच्या आसपास उतरली नाही, तर उद्याचं काम निम्मं करा. उन्हाळ्यात पहाटेच आटपा.

आता स्वार. शिकाऊ स्वाराला मुरलेला घोडा द्यावा आणि कच्च्या घोड्यावर मुरलेला स्वार बसवावा. नवखा माणूस लगाम ओढून तोल सांभाळतो आणि दुडकीत घोड्याच्या कमरेवर आपटतो. हलका असला तरी तो घोड्याला जड पडतो. त्याला लगाम हाती न देता लांब दोरीवर फिरवावं. दुडकीच्या तालावर उठता-बसता आलं, की मगच लगाम द्यावा.

तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण इंदापूर तालुक्यात बेलवाडीला होतं. देवाचा अश्व स्वाराविना धावतो, दुसऱ्यावर पताका घेतलेला स्वार असतो. ते पाहून आपलाही घोडा तसाच पळवावा, असं पोरांना वाटणं साहजिक आहे. पण वळणावर पायांवर जास्त ताण येतो. शिकवताना फेरा मोठा ठेवा, दोन्ही बाजूंनी फिरवा आणि कच्च्या शिंगराला चौखूर गोल पळवूच नका.

मागच्या पायांवर उभं करून नाचवणं मला अजिबात मान्य नाही. त्यात सगळं वजन मागच्या सांध्यांवर आणि कमरेवर येतं, आणि मिरवणुकीत तेच पुन्हा पुन्हा करून घेतात.

घोडा विकत घ्यायला जाताना फीत खिशात ठेवा. दात बघा, घेर मोजा, आणि घरात त्याच्यावर बसणाऱ्याचं वजन किती ते ठरवूनच सौदा करा.