भावाची मज्जा, बहिणीला जीवदान

मार्च १९८३. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रक्ताचा कर्करोग झालेल्या ९ वर्षांच्या मुलीला सख्ख्या भावाची मज्जा दिली.

यात खरी कसोटी प्रतिकारशक्तीची! दात्याच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशी, रुग्णाचं शरीर परकं समजून त्वचा, यकृत, आतड्यांवर हल्ला चढवू शकतात. पण त्याच पेशी उरलेल्या कर्करोगालाही मारतात. म्हणून औषधांनी त्यांना आवर घालायचा, पण पुरतं निष्प्रभ करायचं नाही.

दाता आणि रुग्ण यांची जुळणी ठरते पेशींवरच्या एचएलए या खुणांनी. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता फक्त २५ टक्के. बाकीच्यांची भिस्त बऱ्याचदा अनोळखी दात्यावर.

बीड, परळी, अंबाजोगाईच्या तरुणांनो, गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की दाता-नोंदणीचा नमुना तयार. नक्की नाव नोंदवा!